नऊ वेळा विकलेली बाटली

प्रिय धाकटे,

निकालाची प्रत तुलाही मिळाली असेल. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा हरलेला माणूस म्हणून, दुसऱ्यांदा मास्तर म्हणून. शुद्धलेखनाच्या चार चुका सापडल्या, त्या सोडल्या तर निकाल निर्दोष आहे. बाबांच्या शाईचं ‘नीलाक्षर’ हे नाव, जे त्यांनी जाताना माझ्याकडे सोपवलं, ते पाच वर्षांहून जास्त काळ बाजारात खरोखर वापरलंच गेलं नाही, सबब व्यापारचिन्हांच्या नोंदवहीतून काढावं. अर्ज तुझा, विरोध माझा. वकीलसाहेब म्हणतात अपील करू, अजून संधी आहे. शुक्रवारपर्यंत मुदत आहे आणि कागद माझ्या टेबलावर सहीसाठी पडून आहेत.

सुनावणीच्या दिवशी तू समोर बसूनही माझ्याकडे बघत नव्हतीस, म्हणून माझ्या बाजूनं काय दिसत होतं ते सांगतो. मी अगदी निश्चिंत होतो. नोंदणीचं नूतनीकरण वेळेवर केलेलं. शिवाय वापराचा पुरावा म्हणून बिलं होती, एक नाही, नऊ. बाबांचा कारखाना बंद झाल्यापासून दरवर्षी बाबांच्या वाढदिवशी मी एक बाटली तुझ्या वहिनीला विकत होतो. रीतसर, बिल फाडून, ‘पुन्हा या’ असं म्हणून. ती बाटली कपाटात ठेवायची. पुढच्या वर्षी कपाटातून तीच बाटली निघायची आणि तिलाच विकली जायची. एवढ्या निष्ठावान गिऱ्हाइकावर कुणी शंका घेईल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

त्या अधिकारी बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, “सर, नऊही बिलांवर बॅच नंबर एकच कसा?” मी म्हणालो, दर्जात सातत्य. मग त्या वहिनीकडे वळल्या. “तुम्ही लिहिता का या शाईनं?” आणि माझी सहधर्मचारिणी, जिच्याकडून आदल्या दिवशी मी चार उत्तरं पाठ करून घेतली होती, निरागसपणे म्हणाली, “नाही हो. ती उघडायची नाही असं ह्यांनी बजावलंय.” कोपऱ्यातला कारकून खोकल्याच्या आडून हसला. तू मान खाली घातलीस. तुझी ती मान मला लहानपणापासून माहीत आहे. हसू दाबताना ती तशी जाते. त्या क्षणी मला तुझा जितका राग आला तितका अर्ज वाचतानाही आला नव्हता.

राग म्हणणं सोयीचं आहे. खरं नाव वेगळं आहे. आमच्या शास्त्रकारांनी षड्रिपूंमध्ये मत्सराला शेवटच्या जागी बसवलं, बहुधा तोच सगळ्यांत उशिरापर्यंत थांबतो म्हणून. बाकीचे पाच वयोमानानं थकले, हा मात्र रोज सकाळी माझ्याआधी उठतो. मागच्या वर्षी आमच्या शाळेतले इतिहासाचे सर त्यांचं पेन माझ्या हातात देत म्हणाले, “ही शाई बघा मास्तर. लेबलवर नावही नाही, नुसतं ‘निळी शाई’, पण चालते काय.” मी दोन शब्द लिहिले आणि ओळखलं, ही तू बनवलेली. बाबांचीच निळी, फक्त जरा गडद. “बरी आहे,” म्हणालो आणि पुढचा आठवडाभर बॉलपेननं लिहिलं. संस्कृतच्या मास्तरासाठी ही तपश्चर्याच.

तुला आठवत असेल, घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तू स्टुलावर उभी राहून बाबांबरोबर शाई गाळायचीस. फडक्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक तुझ्या. काम संपलं की ते स्वतःच्या रुमालानं तुझं एकेक बोट पुसायचे. मी पुढच्या खोलीत खिडकीशी रूपं घोकत बसलेला. दारापर्यंत आलो तर म्हणायचे, “तू नको रे, हात खराब होतील. तुझ्यासाठी नाव आहे ना.” नाव खरंच माझं होतं, अकराव्या वर्षी मीच सुचवलेलं. त्याचं प्रमाणपत्र चौकटीत घालून त्यांनी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलं. येणारा-जाणारा माझं कौतुक करायचा. तुझं भिंतीवर काहीच नव्हतं. तुला वाटत असेल, दादाला सगळं मिळालं. त्या चौकटीसकट सगळं देऊन मी तो रुमाल घेतला असता. कुणी विचारलं नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी तू दारात येऊन “दादा, बाबांचं नाव माझ्या बाटलीवर लावू दे” म्हणालीस, तेव्हा मी “नोंदणीकृत आहे” एवढंच म्हणालो. कायद्याचा त्यात काही संबंध नव्हता. तुझी बोटं निळी होती, ती मला दिसली.

आता हे पत्र का, ते सांगतो. आज सकाळी अपिलावर सही करायला बसलो. ठरवलं, बाबांच्याच शाईनं करू. नऊ वेळा विकलेली ती बाटली पहिल्यांदाच उघडली. आत शाई नव्हती, तळाशी काळपट खपली होती. वहिनी म्हणाली, “गेली ना वाया? लिहिलं असतं तर संपली असती, इतकंच.” मी चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि तुझी बाटली मागितली. दुकानदारानं विचारलं, “बिल हवंय?” नको म्हणालो. घरी येऊन पेनमध्ये भरताना सांडली. त्या शाईनं सही केली नाही, हे पत्र लिहिलं. शुक्रवार येईल आणि जाईल. ‘नीलाक्षर’ आता मोकळं आहे, तू अर्ज कर, मी आडवा येणार नाही. शाई बाबांच्यापेक्षा बरी आहे, हे लिहिताना हात जरा आखडतोय, पण शाई अडत नाही. माझी दोन बोटं निळी झाली आहेत. वहिनी रुमाल घेऊन आली होती. तिला म्हटलं, राहू दे.

तुझाच, आणि आजपासून तुझं खरंखुरं गिऱ्हाईक,
दादा