मी न खाल्लेला मैदा

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. वाकणं मला कंबरेनं जमत नाही आणि स्वभावानं तर त्याहून नाही, हे तुला मी चार वर्षांची असल्यापासून माहीत आहे, तेव्हा या नमस्काराची किंमत जरा जास्तच धर. डावा गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस की वहिनीची पाठ वळली की डबीत परत टाकतेस? दादाकडे तुला मऊ गादी दिली आहे असं कळलं. मऊ गादीवर तुझी पाठ धरते, हे त्या दोघांपैकी कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. वहिनी असंही म्हणाली की माझा फोन आला की तू टीव्हीचा आवाज वाढवतेस. वाढव बापडी. मागची दोन पत्रं न फोडता परत आली, म्हणून या वेळी पाकिटावर पत्ता मास्तरांच्या हातून लिहून घेतला. (जावयावर तुझा राग नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो सगळा माझ्या वाट्याला आला आहे.) फसवलं म्हणून चिडू नकोस. आता फोडलंच आहेस तर वाचून काढ, मग हवं तर चुलीत घाल.

इकडचं कुशल सांगते. तू दादाकडे गेलीस त्याला परवा तीन महिने झाले. माझी तब्येत तुझ्यासमोरच बिघडली होती, त्यामुळे मागचं पुराण थोडक्यात उरकते. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी सीलिअ‍ॅक म्हणून निदान केलं, म्हणजे गव्हातला जो चिकटा असतो ना, ग्लूटेन, तो माझ्या आतड्यांना चालत नाही. चालत नाही म्हणजे काय, तर पावाचा एक कण, डोळ्याला दिसणार नाही एवढा, पोटात गेला की दोन दिवस मी आणि न्हाणीघर. वर तोंड येतं, सांधे दुखतात आणि डोकं असं जड होतं की माझं स्वतःचं वय मला मास्तरांना विचारावं लागतं. (ते दोन वर्षं वाढवून सांगतात.) राग येणं हेही या रोगाचं लक्षण आहे, असं बाईंच्या तोंडून वदवून घ्यायचा मी फार प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, नाही हो, ते तुमचं स्वतःचं आहे.

मग घरात काय काय झालं ते तू पाहिलंसच. मास्तर पडले भूमितीचे, त्यांनी ओट्यावर गुण्या लावून लाल पट्टीची सरहद्द आखली, डावीकडे तुमचा पाव-बिस्किटांचा मुलूख आणि उजवीकडे माझा. माझी भांडी वेगळी, माझी घासणी वेगळी, माझ्या मिठाच्या बरणीवर माझं नाव. लाकडी पळ्या गेल्या, चाळणी गेली, तुझा लाडका टोस्टर गेला. तू बिचारी तुझी बिस्किटं घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायचीस, खाऊन झालं की चूळ भरायचीस, पदर झटकायचीस आणि मग घरात यायचीस. आणि तरी मी आजारी पडतच होते! दर महिन्याला रक्त तपासायचं आणि दर महिन्याला तो रक्तातला, ग्लूटेन पोटात गेल्याची चुगली करणारा आकडा उतरायच्या ऐवजी वर. बाई विचारायच्या, कुठून तरी पोटात जातंय, आठवा बघू. मी आठवायची. काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, चहात साखर कोणी घातली, सगळं वहीत लिहून न्यायची. शाळेत असताना एवढा अभ्यास केला असता तर तू मला पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठे कापायला बसवलं नसतंस.

एकदा मास्तरांनी हौसेनं बाहेर जेवायला नेलं. (तू नव्हतीस, तुझा गुडघा होता त्या दिवशी.) तिथल्या वाढप्याला त्यांनी असं फैलावर घेतलं, की शेजारच्या टेबलावरची मंडळी चमचे खाली ठेवून ऐकायला लागली. सूपमध्ये मैदा आहे का? नाही साहेब, अजिबात नाही. नक्की? नक्की, आमच्याकडे मैदा वापरतच नाही. खात्री आहे ना? वाढप्याला आता मास्तरांची दया आली असावी, म्हणाला, साहेब, काळजीच करू नका, घट्टपणा यायला थोडासा टाकतो, तेवढाच. आम्ही दोघांनी उकडलेला बटाटा खाल्ला आणि पाणी प्यायलो. बटाटा चांगला होता.

आता तो दिवस. तो टाळून पुढे जायचा माझा विचार होता, पण मास्तर मागे उभे राहून वाचताहेत आणि घसा खाकरताहेत. त्या दिवशी मी सकाळपासून तिसऱ्यांदा न्हाणीघरातून बाहेर आले होते, आणि आकडा पुन्हा चढल्याची चिठ्ठी हातात होती. दारात शाळेच्या ग्रंथपालबाई बांधायच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभ्या. त्यांच्यासमोर मी तुला म्हणाले, की तुझ्या हातचं खाल्लं की मी आजारी पडते. ज्या हातानं मला भरवलं, लिहायला शिकवलं, सुई धरायला शिकवलं, त्या हाताला मी असं बोलले, तेही चारचौघांत. हातातली पातेली पुसून जागेवर ठेवलीस, तीही उजवीकडे, माझ्या मुलखात, नीट उलटी. संध्याकाळच्या गाडीनं दादाकडे गेलीस. आणि मी, आत्या, मी त्या वेळी मनात म्हणाले, आता तरी मी बरी होईन.

कसली बरी होते! पंधरा दिवसांनी आकडा आणखी वर. आता शहाण्या बाईनं इथे थांबून विचार केला असता की नाही? मी केला, पण उलटा. मी म्हटलं, आत्या गेली पण तिचे कण मागे राहिले. मग मी घर डोक्यावर घेतलं. तुझ्या खोलीतले पडदे धुतले, गादी उन्हात टाकली, तुझ्या कपाटाच्या फटी सुईनं कोरून काढल्या. (फटीतून तुझी हरवलेली चांदीची टाचणी सापडली, जपून ठेवली आहे.) त्यानंही काही होईना तेव्हा माझी नजर मास्तरांच्या मिशीवर गेली. शाळेत डब्याला पाव खाऊन येणारा माणूस, त्याच्या मिशीत काय काय अडकत असेल! तीन दिवस मी त्यांना जवळ येऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी मास्तर न्हाव्याकडे गेले आणि मिशी उतरवून आले. सव्वीस वर्षांची मिशी, आत्या. शाळेत पोरांनी ओळखलं नाही, वर्गातून बाहेर जा म्हणाली. तुला सांगते, मिशीखाली त्यांचा वरचा ओठ किती बारीक आहे हे मला लग्नाआधी कळलं असतं तर मी थोडा विचार केला असता.

पाच आठवड्यांपूर्वी आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरीणबाईंपुढे बसलो. माझा सगळा इतिहास मी स्वतःच शिवून जाड बांधणीत बांधला आहे, पाठीवर सोनेरी अक्षरांत नावसुद्धा छापलं आहे. बाईंना मागचा कुठलासा रिपोर्ट हवा होता, म्हणून मी जिभेला बोट लावून पान उलटलं, पुन्हा बोट लावलं, पुन्हा उलटलं. बाई पानाकडे बघेनात, माझ्या बोटाकडे बघायला लागल्या. नखाच्या कडेला काहीतरी पांढरं वाळलेलं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही काम काय करता? मी म्हटलं, पुस्तकं बांधते. कशानं चिकटवता? खळीनं. कशाच्या? आता कामाचं कोणी विचारलं की मला राहवतं का? मी सांगितलं, मैद्याच्या, आणि पुढची पाच मिनिटं थांबलेच नाही. आमच्या आत्याची कृती म्हणजे काय खाऊ आहे का, मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर एका दिशेनं ढवळायचा, गुठळी होता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वापरायच्या आधी थोडी बोटावर घेऊन जिभेला लावून बघायची, कारण आंबलेली खळ नाकाला उशिरा कळते पण जिभेला लगेच कळते. मला वाटलं बाई रंगून ऐकताहेत. शेजारी मास्तर खुर्चीत हळूहळू खाली सरकत होते.

बाईंनी पेन खाली ठेवलं. रोज लावता? मी म्हटलं, रोज, बावीस वर्षं झाली, कामाचा एक दिवस चुकवला नाही. आणि एवढ्या महिन्यांत हे मला सांगितलं नाहीत? मी म्हटलं, अहो, तुम्ही खाण्याबद्दल विचारलं होतं. खळ हे काय खाणं आहे? ती तर पुस्तकाची! त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही ती थुंकता की गिळता? आत्या, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो इतका लख्ख की मला तिथेच रडू आलं. रोग कळला म्हणून नाही. तू आठवलीस म्हणून. तू पायरीवर बसून बिस्किटं खात होतीस आणि मी कारखान्यात बसून सकाळी सकाळी मैदा चाटत होते. मास्तर घरी येताना फक्त एवढंच म्हणाले, की म्हणजे शेवटी माझी मिशी निर्दोष होती.

आता कारखान्यात मैद्याचं नाव नाही. भांडी, ब्रश, गाळायचं कापड, सगळं नवं आणलं, टेबलं घासून काढली, आणि बोटाला जीभ लावायची सवय मोडावी म्हणून मास्तरांनी माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना कडू औषध फासून दिलं, लहान पोरांना लावतात ते. पाचव्या आठवड्यात आकडा निम्म्यावर आला. तोंड बरं झालं, वजन दीड किलो वाढलं, कालच्या दिवसात मी फक्त दोनदा ओरडले. दोन्ही वेळा कारण होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोग पळून जाणार नाही, पण अशीच राहिलात तर तुम्हाला त्रास देणार नाही. मास्तर म्हणाले, हेच आमच्या बाईसाहेबांबद्दलही म्हणता येईल. मिशी गेली तेव्हापासून धीट झालेत.

वहिनीला आणि दादाला नमस्कार सांग. त्यांच्या धाकटीला शाळेत बक्षीस मिळालं ते कळलं, तिचं कौतुक वेगळ्या कागदावर केलं आहे. गुडघ्याला शेक देत जा. इथे सगळे मजेत आहेत, काळजी नसावी.

तुझी, जिभेनं अपराधी आणि पोटानं शिक्षा भोगलेली,
भाची

ता. क. १ : आता मुद्द्याचं. मी तांदळाच्या पिठाची खळ करायला घेतली आहे आणि ती मला जमत नाही. शाळेच्या ग्रंथालयाची चाळीस पुस्तकं बांधून दिली, आठ दिवसांत ग्रंथपालबाई एका हातात पुठ्ठे आणि दुसऱ्या हातात पुस्तकं घेऊन हजर. पातळ केली तर धरत नाही, घट्ट केली तर वाळून तडकते. तुझ्या हाताला ते बरोबर कळेल. तेव्हा आठ दिवसांसाठी ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, खळीशी बोल. परतीचं तिकीट मास्तर काढून देतील.

ता. क. २ : मास्तरांनी पत्र वाचलं. म्हणतात, एवढी पानं खरडलीस पण त्यात चुकले हा शब्द कुठेच नाही. पुन्हा सगळं चाळून पाहिलं, खरंच नाही. चुकले, आत्या. त्या दिवशी बोलले ते चुकले, आणि ग्रंथपालबाईंना कारखान्यात बसवून तेही सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, मला तेव्हाच वाटलं होतं. मग तेव्हाच का नाही बोलल्या, ते त्यांनाच माहीत.

ता. क. ३ : पहिला ता. क. अर्धा खोटा आहे. पुस्तकं सुटली ती खरी, पण ती पहिल्या दोन खेपांना. तिसऱ्या खेपेला खळ जमली, चाळीसच्या चाळीस पुन्हा बांधली, मास्तरांनी एक पुस्तक पुठ्ठ्याला धरून लोंबकळतं ठेवलं तरी सुटलं नाही. बिनकामाचं कोणाकडे राहणं तुला आवडत नाही, म्हणून काम शोधून लिहिलं होतं. आता खरं सांगते, तुझ्यासाठी इथे काहीही काम नाही. परतीचं तिकीटही काढणार नाही. तू नुसती ये.