शिजोफानमे

माझगाव, मुंबई
मार्गशीर्ष, १९४६

प्रिय धुळा,

रामराम गड्या. मुंबईचं पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कोपरा फाटलेला नाही, सगळं आधी तपासून बघ आणि मगच पुढं वाच. पत्र आमच्या गुंडादादाच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे ते आष्ट्याला वेळेवर पोचेल आणि दादा ते थेट आमच्या मळईच्या रानात तुझ्या हातात आणून देईल. तुमचा मेंढरांचा वाडा अजून तिथंच बसला असणार. तू कुठंतरी बांधाला टेकून घोंगड्यात गुरफटून पडला असशील. तुझ्या आयेनं, बयामावशीनं, उशाशी ठेवलेली भाकरी कुत्र्यानं कधीच संपवली असेल, आणि तू तिला तोंड वर करून सांगितलं असशील, जेवलो म्हणून. बरोबर ना? मला इथं बसून सगळं दिसतंय.

इथं आम्ही गाववाले राहतो त्या गाळ्यावर आता कुणी नाही, सगळे कामावर गेलेत. चार ओळी लिहितो, उठतो, खाली नळापर्यंत जाऊन येतो, परत बसतो. कालपासून एका जागी बूड टेकत नाही. गोदीत पहाऱ्याची नोकरी आहे, पण साहेब लगेच सुटी देत नाही, आणि सुटी मिळेपर्यंत दम धरायचा माझा स्वभाव नाही, ते तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र पुढं पाठवतोय. मी मागून येतोच.

तुला वाटत असेल, उसाची तोडणी तोंडावर आलेली असताना हा कृष्णात नोकरीच्या नादानं मुंबईला पळाला. आमच्या कारभारणीला, राहीलाही तसंच वाटतंय. ती अजून फुगून बसली आहे, निरोपाला उत्तरसुद्धा देत नाही. पण मी आलोय तुझ्यापायी. दिवाळी झाल्यावर तुमचा वाडा आमच्या रानात आला, त्याच आठवड्यात बयामावशी विहिरीवर माझ्याजवळ येऊन बसली. आधी मेंढरांचं बोलली, मग लेंडीखताचं, आणि मग एकदम पदर तोंडाला लावून म्हणाली, "आरं कृष्णात, इचारलं की म्हंतोय, जेवलो. आन् भाकरी खातंय कुत्रं. नुस्ती हाडं ऱ्हायल्यात लेकराची. परवा तापात बडबडत हुता, शिजोफानमे, शिजोफानमे. काय असतं रं त्ये? मला करून दाव, न्हाईतर कुटनं तरी आन." वैद्य तुला बघून गेले तेव्हा मी तिथंच होतो. बाहेर येऊन म्हणाले, पोटात काही रोग नाही, पण असंच चाललं तर हा माणूस संक्रांत बघत नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतोय. राग आला तर येऊ दे, निदान काहीतरी येऊ दे.

मावशीला मी काय करून दाखवणार होतो? शिजोफानमे म्हणजे काय, ते मला तरी कुठं करता येतं? मलायात आपली पलटण जपान्यांच्या कैदेत असताना, इपोजवळ रुळांची खडी फोडायला आपल्याला नेत, तिथल्या तारेच्या कुंपणापाशी ती चिनी म्हातारी यायची. काठीला लटकवलेलं मडकं, डोक्यावर सुपाएवढी टोपी. पहारेकरी वळला की कुंपणापाशी बसायची, आपल्याकडं बघून तो शब्द बोलायची आणि तारेखालून करवंटी सरकवायची. कण्यांची पातळ पेज, त्यात रताळ्याचा पाला, नशीब असलं तर सुक्या मासळीचा एखादा तुकडा. पहिल्या दिवशी तूच म्हणालास, "नावातच शिजतंय गड्या, ह्ये वंगाळ असनार न्हाई." झालं, तेच नाव पडलं. पुढं पुढं तर ती लांबून दिसली रे दिसली की तूच ओरडायचास, शिजोफानमे! ती बोळक्या तोंडानं हसायची, पोटावरून हात फिरवायची आणि म्हणायची, शिजो, शिजो. आपण समजायचो, आजही शिजलंय.

म्हटलं, एवढी मोठी मुंबई, जगातली सगळी माणसं इथं येऊन जेवतात, तर कुठंतरी हेही मिळत असेल. मिळालं की मावशीसाठी कृती विचारून घ्यायची, नाहीतर तुला उचलून इथंच आणायचं. कामावरून सुटलो की मी हिंडायला लागलो. आधी कुणीतरी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका झगमगीत चिनी हॉटेलाचं नाव सांगितलं. दारात फेटेवाला दरवान, मिशा भल्यामोठ्या. मला अडवलं आणि बोलायला तोंड उघडलं, तर हा आपल्या तासगावचा! केरबा नाव. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आरं, हितं सायेब लोक काट्याचमच्यानं शेवया खात्यात. तुजं पायतान बघ की. आन् खरा चिनी मानूस हितं जेवत न्हाई, त्यो माजगावला गोदीमागं जेवतो." मला हसू आलं. मी राहतो तिथल्याच गल्ल्या मला केरबानं कोटात उभं राहून सांगितल्या.

वाटेत रंगूनहून पळून आलेल्या एका कुटुंबाची खानावळ लागली. लढाईत घरदार सोडून चालत आलेली माणसं. त्यांनी नारळाच्या रश्श्यात बेसन घालून वर शेवया वाढल्या, पिठल्यात कुणी शेवया सोडाव्यात तशा. लय चांगलं लागलं, खोटं कशाला सांगू. मी दोनदा घेतलं. आणि दुसऱ्या वाडग्याच्या तळाशी पोचलो तेव्हा तू आठवलास आणि माझीच मला लाज वाटली. मालकाला विचारलं, शिजोफानमे? त्यानं मान हलवली. त्याला काहीच कळलं नाही.

मग सुरू झाले गोदीमागचे चिनी. लहान लहान दुकानं, खाली चपला-बूट शिवणारे, दात काढणारे, आणि मागच्या अंगाला चूल. पहिल्या ठिकाणी जाऊन रुबाबात म्हटलं, शिजोफानमे? मालकाचा चेहरा एकदम खुलला. हसून म्हणाला, शिजो, शिजो. म्हटलं वा, शिजतंय तर! बसलो. बिनदुधाचा चहा आला. परत चहा आला. आजूबाजूच्यांना भात आला, मासा आला, आख्खं बदक आलं. मी आपला बसलेला. परत विचारलं, तर मालकानं परत वाकून तेवढ्याच प्रेमानं सांगितलं, शिजो. शेवटी चहा पिऊन पोट तट्ट फुगलं आणि मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान. तिथंही शिजो. मग तिसरं. कुठं नाही म्हणत नाहीत आणि कुठं वाढत नाहीत! एके ठिकाणी तर मी सरळ चुलीपाशी जाऊन झाकण उचललं. आतमध्ये नुसतं पाणी उकळत होतं. आचारी ओरडला, मी मराठीत ओरडलो, म्हटलं दगड शिजवताय की काय रे! बाहेर काढलं मला. धुळा, तू असतास तर पोट धरून हसला असतास. मला मात्र हसू येत नव्हतं. इकडं मी चहा पितोय आणि तिकडं रानात तुझा एकेक दिवस वाया चाललाय, एवढंच सारखं डोक्यात. चालताना जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मी दोन दोन ओलांडायला लागलो होतो.

आता जे आपण कधी बोललो नाही ते लिहितो. एक दिवस म्हातारी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रुळांवर आपल्याबरोबर राबणाऱ्या त्या तमिळ कुलीनं सांगितलं की ती पत्र्याच्या शेडमागं बसल्या जागी गेली. घरात दाणा नव्हता. आपल्याला आणायची ते मडकं तिचंच होतं, तिच्या एकटीच्या वाट्याचं. भुकेनं गेली. त्या दिवशी तू तुझा भात मातीत ओतलास आणि वर पाय दिलास. लढाई संपली, इस्पितळात आपल्याला दूध-अंडी घालून माणसात आणलं, तिथंही तू निम्मं गादीखाली लपवायचास. आणि परत येताना बोटीवर एकदाच बोललास, समुद्राकडं तोंड करून, "म्या मागून मागून खाल्लं तिचं. लांबनंच वरडायचो हावऱ्यागत. आन् ती उपाशी." मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि उगाच हवेपाण्याचं काहीतरी बोललो. तेव्हापासून तुझा घास कुठं अडकलाय हे मला माहीत आहे. मावशीला सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

काल अशाच एका दुकानामागं गेलो. पाटी नाही, काही नाही, पुढं बूट शिवण्याचं काम चाललेलं. आत एक म्हातारी बुटक्या स्टुलावर पालेभाजी निवडत होती. माझ्यात काही त्राण उरलं नव्हतं. तिनं वर बघितलं, म्हणून आपलं सवयीनं म्हटलं, शिजोफानमे. म्हटलं, आता ही शिजो म्हणेल आणि मी चहा न घेताच निघेन. तिनं जुडी खाली ठेवली. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, मे. एवढंच. हे आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते. उठली, दोन वाडगे भरून आणले, एक माझ्यापुढं ठेवला आणि दुसरा घेऊन माझ्यासमोर बसून स्वतः जेवायला लागली. पेज होती रे. पाला वेगळा, पण पेजच.

तेवढ्यात पुढून तिचा मुलगा आला, हातात बुटाचा साचा तसाच. मला म्हणाला, "हमारा माँ को तुम क्या बोला? रोता क्यों है?" मी सांगितलं, बाबा, मी तर खायचं मागितलं, शिजोफानमे. तो आधी हसला, मग आईकडं बघून त्याचं हसू ओसरलं. मग त्याच्या मुंबईच्या हिंदीत त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला वाडगा तसाच राहिला. ते कुठल्या खाण्याचं नावच नाही, धुळा. त्याचा अर्थ, जेवलास का? आपण कसं वाटेत कुणी भेटलं की विचारतो, तसंच ते विचारतात. शिजो म्हणजे जेवलो. जेवलेलं असो नसो, परक्याला तेच सांगायचं असतं. आणि मे म्हणजे अजून नाही. मी आठवडेच्या आठवडे या मुंबईतल्या चिन्यांना जेवलात का, जेवलात का, विचारत फिरत होतो, आणि ते बिचारे जेवलो, जेवलो सांगत होते! त्याचा बाप गेल्यापासून त्याच्या आईला असं कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. कामाच्या गडबडीत मीही विचारत नाही, म्हणाला, आणि बुटाचा साचा बाजूला ठेवून तिच्याजवळ बसला. मी तिथून निघालो तो सरळ गोदीपर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो. पाय थांबेचनात.

आता पुढचं नीट वाच. छावणीत वाळूवर काडीनं गिरवून मी तुला अक्षरं शिकवली, ती या चार ओळींसाठी वापर. तू मागत नव्हतास, धुळा. ती लांबून दिसली की रोज सगळ्यांच्या आधी तू ओरडून तिला विचारत होतास, जेवलीस का? त्या लढाईच्या धामधुमीत तिला तसं विचारणारा तू एकटाच असशील. म्हणून ती हसायची. पोटावरून हात फिरवून सांगायची, जेवले, जेवले. खोटं बोलत होती रे. उपाशी पोटी हसून खोटं बोलत होती, आणि तू रोज मावशीशी अगदी तसंच बोलतोस. हे सांगायला मी हे पत्र लिहिलं. मुंबईत मला तुझं ते खाणं मिळालं नाही, कारण ते कुठंच नाही. आता हे सगळं मोठ्यानं मावशीला वाचून दाखव, म्हातारीचंसुद्धा, काही गाळू नकोस. वाचून झालं की ती डोळे पुसून तेच विचारेल, जे रोज विचारते. या वेळी तिला खरं सांग. "न्हाई जेवलो, आये. वाढ." तिनं हुलग्याचं माडगं वाढलं की ती समोर बसेल, तेव्हा पहिला घास घ्यायच्या आधी तू तिला विचार, ती जेवली का. तू पडल्यापासून तिनंही पोटभर खाल्लेलं नाही, मी बघितलंय. दोघं जेवा. आणि मग मला एक कार्ड टाक. त्यावर बाकी काही लिहू नकोस, नुसतं शिजो लिही. पण खरं असेल तरच.

तुझाच,
कृष्णात