काचेच्या टाकीतला माणूस

बाबा, तुमची नात ठीक आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना माझाच धीर सुटेल. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता पंधरा वर्षांची आहे, इथे अमेरिकेत वेस्ट विंडसरला शाळेच्या स्विमिंग टीममध्ये आहे, आणि मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते.

विलायतेत तुम्ही हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचं काम करायचात, तेव्हा टीव्हीवर जागतिक विक्रमांचा एक मुलांचा कार्यक्रम लागायचा. वर्षानुवर्षं चालला तो. तुम्ही ड्यूटीवरून यायचात, कोटही न काढता माझ्याशेजारी बसायचात, आई टोस्ट आणून द्यायची. कोणी दातांनी गाडी ओढायचं, कोणी हॉलभर डॉमिनोच्या सोंगट्या उभ्या करायचं, आणि माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त खूश व्हायचात. एकदाच टोस्ट तुमच्या हातात तसाच राहिला. काचेच्या टाकीत एक माणूस श्वास रोखून पाण्याखाली बसला होता आणि स्टुडिओतली मुलं मोठ्यानं सेकंद मोजत होती. तुम्ही उठून टीव्हीजवळ गेलात आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिलात.

दुसऱ्या दिवशी मी बाथटबमध्ये तेच करून पाहिलं. आईच्या हाका मला ऐकू आल्या नाहीत. तुम्ही खांद्यानं दाराची कडी तोडलीत आणि दंडाला धरून मला वर ओढलंत. मी हसत होते. तुम्ही मारलं नाहीत. टॉवेलात गुंडाळून टबच्या कडेवर बसवलंत आणि म्हणालात, "श्वास संपत आला की शरीर ओरडेल असं तुला वाटतं. ते दर वेळी ओरडत नाही. मी रोज माणसांना झोपवतो, मला माहीत आहे." त्याच आठवड्यात तुम्ही मला दोरीच्या उड्यांची दोरी आणून दिलीत. विक्रम करायचा तर श्वास घेत घेत कर, म्हणालात. मला पोहायला शिकवायचं मात्र तुम्ही तेव्हापासून कायम पुढे ढकललंत, हे आत्ता लक्षात येतंय.

हे सगळं मी तिला गंमत म्हणून सांगितलं होतं. तिनं त्या कार्यक्रमाच्या जुन्या क्लिप्स शोधून टीममधल्या मैत्रिणीला दाखवल्या. तुमचं वाक्यही मी सांगितलं होतं; तिच्या लक्षात राहिला तो टाकीतला माणूस.

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना तिच्या कोचचा फोन आला. ती शुद्धीवर आहे, हे त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं, आणि मी मीटिंग तशीच सोडून गाडी काढली. प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी दोघी मैत्रिणींनी पाण्याखाली श्वास रोखायची पैज लावली होती. मैत्रीण वर आली, ही आली नाही. लाइफगार्डनं तिला तळाशी पाहिलं आणि उडी मारली. रूट वन हायवेवर सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं. ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारात ती ऑक्सिजनचा मास्क लावून बसली होती. ओठांचा रंग अजून परतला नव्हता. मला बघून तिनं मास्क खाली केला.

"आई, आय वॉझंट स्केअर्ड. इट वॉज लाइक फॉलिंग अस्लीप."

तिला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मी ॲम्ब्युलन्सचं दार घट्ट धरलं. मास्क परत तिच्या तोंडावर लावला आणि नुसतं म्हटलं, "श्वास घे."

हॉस्पिटलनं सगळ्या तपासण्या करून घरी सोडलं. आता ती बाथरूममध्ये जरा गप्प राहिली की मी दार वाजवते, आणि ती चिडते. नवरा म्हणतो, पोहणं बंद करून तुझी भीती जाणार नाही. कोचनीही तिला परत घेतलंय, कोच समोर नसताना पाण्यात उतरायचं नाही या अटीवर. मी हो म्हटलं. तुम्ही म्हटलं असतंत का, ठाऊक नाही. विचारायला कोणी नाही, म्हणून फोनवर हे लिहितेय. पाठवायला पत्ताही नाही.

आज तिची पहिली प्रॅक्टिस. आत पालकांसाठी बाकं आहेत आणि मी समोर बसेन असं कबूल केलं होतं. काचेच्या दारापर्यंत गेले, क्लोरीनचा वास आला, आणि पार्किंगमध्ये गाडीत परत येऊन बसले. ती बाहेर आली की सांगणार आहे, सगळं पाहिलं, छान पोहलीस.