पंपाच्या खोलीतला गरुड

॥ श्री ॥
मळा, जामनेर
दि. १२ जानेवारी २०२५

चि. चारुलता हिस नानांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर माणूस काहीही ठोकून देतो आणि उद्या मी बोललोच नाही म्हणतो. म्हणून महत्त्वाचं काम कागदावर. भटू रोज केळीची गाडी घेऊन धुळ्याला येतो, उत्तर त्याच्याच हाती दे.

तर ऐक! आपल्या पंपाच्या खोलीच्या माळ्यावर गरुडाची तीन पिल्लं निघाली आहेत. अंगावर कापूस, तोंड पत्त्यातल्या बदामासारखं, आणि माणूस दिसला की नागासारखं फुसफुसतात. भटूने मोबाईलवर आलेला हुबेहूब असाच एक फोटो दाखवला. खाली लिहिलं होतं, दुर्मिळ गरुड, दहा जणांना पाठवा. मी वीस जणांना पाठवला. बठ्ठा गाव लोटलाय. शेजारच्या भिकुबाईने नारळ फोडला. मी पिकली केळी कुस्करून देतो, पण लेकाचे चोच लावत नाहीत. कालपासून मलूल आहेत, जीव थाऱ्यावर नाही माझा. तू देवपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकतेस, तर गरुडाची पिल्लं काय खातात ते शोधून कळव. तुझी आजी म्हणते हे गरुड नव्हेत. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझा,
तोताराम नाना

देवपूर, धुळे
दि. १३ जानेवारी २०२५

ती. स्व. नानांना चारूचा शि. सा. नमस्कार.

नाना, आजीचं ऐका! ती घुबडं आहेत, गव्हाणी घुबडं. आधी लोकांना बाहेर काढा. गर्दी असेल तर त्यांची आई आत येणार नाही आणि पिल्लं उपाशी मरतील. केळं ती जन्मात खाणार नाहीत, त्यांना उंदीर लागतात.

इंटरनेटवर गरुड लिहिलंय म्हणाल. एका पानावर तर ती परग्रहावरची पाहुणी आहेत! मीही तासभर चक्रावले. मग तुमचीच रीत वापरली. पत्र आलं की तुम्ही आधी बघता, कुठून आलं, कधी लिहिलं, खाली सही कोणाची. निनावी चिठ्ठी तर तुम्ही चुलीतच घालता. भटूकाकांच्या फोटोला सही होती का? मला पक्षी अभ्यासणाऱ्यांचं एक पान मिळालं. त्यावर लिहिणारीचं नाव आहे, तारीख आहे, कोणती पुस्तकं पाहिली ते आहे, आणि चूक दिसली तर कळवा म्हणून पत्ताही आहे. दुसऱ्या संस्थेच्या पानाशी ताडून पाहिलं, तेही तेच सांगतं. तिथला घुबडाच्या पिल्लांचा आवाज भटूकाकांच्या मोबाईलवर पाठवलाय, आजीला ऐकवा.

नातीवर रुसू नये, ही विनंती.
चारू

मळा, जामनेर
दि. १४ जानेवारी २०२५

चि. चारूस आशीर्वाद, पण आज जरा कमी.

आवाज तोच निघाला. आजी सकाळपासून गालात हसतेय. आता त्या वीस जणांना मी काय तोंड दाखवू? त्याहून वाईट म्हणजे घुबड हा शब्द माझ्या तोंडून निसटला आणि भिकुबाई धूर करायला निघाली. अपशकुनी पाखरू गावात नको म्हणते. गरुड म्हटलं तर लाडाने मारतात, घुबड म्हटलं तर धुराने! शेवटी थाप मारली, की माझी जीभ घसरली, गरुडच आहेत, पण आठवडाभर त्यांचं सोवळं आहे, दर्शन बंद. कुलूप लावलंय, वरचा झरोका उघडा आहे.

धाकटं मान टाकून पडलंय, चारू. मी त्याला दिवसभर केळं भरवत होतो गं. फार वाईट वाटतं. थाप किती दिवस टिकणार? लोकांना पटेल असं काही लवकर लिही.

नाना

देवपूर, धुळे
दि. १५ जानेवारी २०२५

ती. स्व. नानांना साष्टांग नमस्कार.

माळ्याखाली जमिनीवर काळे गोळे पडले असतील. घुबड न पचलेली हाडं ओकून टाकतं, ते हे. गोळा पाण्यात भिजवून सगळ्यांसमोर उघडा. आणि एवढंच विचारा, की यंदा ठिबकच्या नळ्या उंदरांनी कितीदा कुरतडल्या?

धाकट्याचं कळवा. मला अभ्यास सुचत नाही.
चारू

मळा, जामनेर
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. चारुलता हिस भरभरून आशीर्वाद.

गावासमोर थाप कबूल केली, गोळा भिजवला आणि आजीच्या चहाच्या गाळणीत उघडला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. एका गोळ्यातून उंदरांच्या चार कवट्या निघाल्या! ठिबकचं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पावसाळ्यापासून माझी एकही नळी फुटलेली नाही, घुबडांनी तेव्हाच माळ्यावर बिऱ्हाड केलं असावं. भिकुबाईची दर आठवड्याला फुटते. ती गुपचूप घरी गेली आणि संध्याकाळी हळूच विचारायला आली, की तिच्या पंपाच्या खोलीत घुबड राहायला येईल का.

आई परतली. तिघंही जगली. धाकटं आता सगळ्यांत मोठ्याने फुसफुसतं. त्याचं नाव चारू ठेवलंय, रागावू नकोस.

मी त्या वीस जणांना मोबाईलवर कळवलं, की तो गरुड नव्हे, घुबड आहे. गरुड सगळ्यांनी पुढे पाठवला होता, घुबड एकानेही पाठवलं नाही. म्हणून आता प्रत्येकाला पत्र लिहितोय. गाव, तारीख, खाली माझी सही, आणि साक्षीला आजीची, कारण पहिल्या दिवशी खरं तीच बोलली होती. सतरा झाली, तीन उरलीत.

लिहीत राहा, चुका दाखवत राहा.
तुझा,
तोताराम नाना

ता. क. प्रत्येक पाकिटात पुरावा म्हणून एकेक गोळा घातलाय. तुझ्याही. पाकीट स्वयंपाकघरात उघडू नकोस.