एका मताने

प्रिय ऑस्बर्ट भावोजी,

तुम्ही धाडलेली तितरांची जोडी पोचली. रेल्वेभाडं दीड शिलिंग पडलं. खोकल्याचं औषध आणलं, नऊ पेन्सचं.

तुमच्या घराण्यात चार पिढ्या थोरला पार्लमेंटात, धाकटा न्यायासनावर. यंदा तुमचे बंधू एका मताने पडले. मामंजींच्या रीतीप्रमाणे सभ्यपणा म्हणून यांनी स्वतःचं मत समोरच्या उमेदवाराला दिलं होतं. आता मामंजींच्या तसबिरीखालून मान खाली घालून जातात. म्हणतात, "विनी, माझ्या शिष्टाचाराने घराणं बुडवलं गं!" मी म्हणते, "बुडालं कुठे? जेवायला वेळेवर येतंय की!"

भावोजी, तुम्ही न्यायाधीश, म्हणून सांगते. आम्हा बायकांना मताचा हक्क मिळाला, पण मीही ते यांना दिलं नाही. मामंजी पार्लमेंटापायी लंडनच्या धुक्यात राहिले, ते शवपेटीतच घरी आले होते, आणि यांची छाती तशीच नाजूक आहे. देवापुढे गुडघे टेकून सारं कबूल केलं. यांच्यापुढे जीभ रेटत नाही. काल नासपतीची झाडं छाटताना हे शीळ घालत होते, एकदाही खोकले नाहीत.

पण दोष एकटेच वाहताहेत. सांगून टाकू का? या पत्राला तिकीट लावायचा धीर झालाच, तर उलट टपाली कळवा. पाकिटावर नाव मात्र माझंच घाला. तुमची पत्रं हे आधी फोडतात.

तुमची वहिनी,
विनिफ्रेड