मासळीबाजारात टोचलेली पोरं

प्रिय आई,

तुला जाऊन वर्ष झालं, म्हणून आज सकाळी चर्चमध्ये तुझ्यासाठी मिस्सा झाली. घरी आले ती थेट लिहायलाच बसले. बातमीच तशी आहे! यंदा आसपासच्या गावांत घटसर्पाची साथ फिरली, पण आपल्या दोन्ही आळ्यांत एकही पोर दगावलं नाही. एकही नाही, आई!

ते वर्ष आठवतं ना? मासे धरायच्या डोलीच्या जाळ्यांचे खुंट समुद्रात कुणी कुठे ठोकायचे, यावरून वरची आळी आणि खालची आळी एकमेकांच्या जिवावर उठली होती. डोकी फुटली. वाट अडवायला बाभळी पाडल्या आणि आपले बाबा तिथं काठी घेऊन पहाऱ्याला! मी नुकती नर्स झालेली. लशीचा डबा घेऊन गेले, तर खालच्या आळीतल्या पुरुषांनी हाकलून दिलं. म्हणे, वरच्या आळीची पोरगी आमच्या पोरांना टोचणार? तिथंच मोनीमावशीचा नातू घटसर्पानं गेला होता गं.

मी रडत घरी आले. तू जाळं शिवत होतीस, वर बघितलंसुद्धा नाहीस. किती राग आला होता तुझा!

वसईच्या मासळीबाजारात तुझी आणि मोनीमावशीची जागा सासवांच्या वेळेपासून शेजारी. भांडणानंतर दोघी पाठ करून बसायच्या. दुसऱ्या दिवशी तूच वळलीस.

"मोने, उद्या नातवंडं हितं घेऊन ये. तुमच्याकडच्या सगल्या बायांना सांग. माजी लिली टोचंल."

"आनि आमचे बापे?"

"त्यांना बसू दे बाभली राखत!"

मग काय! पालथी पाटी हे माझं टेबल. डब्यातला बर्फ वितळायला लागला, तशी तू पापलेटांवरचा बर्फ उचलून त्यात भरलास. मी ओरडले, तर म्हणालीस, "म्हावरं नासलं तं उद्या दुसरं मिलंल. पोर कुठून आनू?" दोन्ही आळ्यांची पोरं एका सुरात बोंबलत होती. संध्याकाळी पुरुषांना कळलं तेव्हा त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती! पुढचे डोस दिले तेही तिथंच, उजळ माथ्यानं.

पण मी रडत आले तेव्हाच मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर? रडणं तरी वाचलं असतं माझं!

आज मिस्सेला मोनीमावशी आपल्या घरच्यांच्या बाकावर बसली होती, बाबांच्या शेजारी. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाजारातली तिची जागा कोनाला दिली नाय मी."

देणारही नाही, आई. दर महिन्याला एक दिवस तुझ्या जागेवर लशीचा डबा मांडेन, हा माझा शब्द. बर्फ मोनीमावशीनं आजच सांगून ठेवलाय.

तुझीच,
लिली