केळीचं अमिनो

आबा, भाऊ बरा आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुम्हाला मधलं काही ऐकायची सवयच नव्हती, दारातूनच विचारायचात, "शेवट सांग, काय व्हयनं?" तर शेवट असा, की तुमचा मोठा आत्ता ओट्यावर बसून शेंगा फोडतोय आणि वहिनीशी पंख्यावरून भांडतोय. येत्या पोळ्याला तो तुमच्याहून मोठा होईल. ज्या वयात तुम्ही गेलात ते वय ओलांडून पुढे जाईल. घरात हे कोणी मोठ्याने बोलत नाही, नजर लागेल म्हणून, पण प्रत्येकाच्या मनात तेच आहे.

केळीचे घड उतरवायच्या दिवसांत त्याच्याही छातीत तसंच दाटून आलं. तुमच्या वेळी आपण ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळत बसलो आणि गाडी येईपर्यंत तुम्ही बांधावरच मान टाकलीत. या वेळी वहिनीने ओव्याच्या डब्याला हातसुद्धा लावला नाही, सरळ गाडीत घालून सुरत गाठलं. हृदयाच्या एका नसेत अडथळा निघाला. तिथे स्टेंट बसवला, रोजच्या गोळ्या दिल्या आणि डॉक्टरांनी बजावलं की आम्हाला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. शहाद्याला माझं औषधांचं दुकान आहे, तुम्ही ते पाहिलं नाहीत. त्यामुळे गोळ्या पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि भाऊचा रागाने फुगलेला चेहरा बघायचंही.

कारण बरं वाटायला लागलं की माणूस शहाणा होतो ना! दिवसभर घरात बसून हातात मोबाइल. त्यात कोणीतरी सांगितलं की अमिनो अ‍ॅसिड घेतल्याने रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात. दुसऱ्या कोणाच्या घरी हे ऐकून माणूस औषधाच्या दुकानात गेला असता. आपला भाऊ पडवीत गेला. तिथे काय, केळीवर फवारायच्या अमिनोचा कॅन भरलेलाच असतो! तुमच्या वेळी हे नव्हतं, आता गावात ज्याच्या त्याच्या पडवीत आहे. पानाला तजेला येतो, घड भरतो. मी दुकानात एका म्हातारीला गोळ्या समजावून देतेय आणि वहिनीचा फोन येतो, "ताई, बिगी ये वं! तुन्हा भाऊ केळीनं औषध पी ऱ्हायना!" आबा, आपल्याकडे 'औषध पिलं', म्हणजे फवारणीचं विष घेतलं, हे शब्द कानावर पडले की बाईचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. शटर अर्धं ओढलं आणि स्कूटी काढली. गाव येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

जाऊन बघते तर हा खुर्चीत. समोर ताकाचा पेला, त्यात झाकणभर अमिनो, आणि तोंड कारलं खाल्ल्यासारखं. पेला ओठाला लावायच्या आधी त्याने बोट बुडवून चाखलं होतं, तेवढ्यात वहिनीने मनगट धरलं. चाखलं म्हणून वाचला! आणि चाखलं ते तुमच्यामुळे. विषाच्या डब्यांना हात लावू द्यायचा नाहीत, पण बाकी सगळं तुम्ही जिभेवर घ्यायचात. खताच्या शेणकाल्यात घालायचा गूळ, विहिरीचं पाणी, नव्या वावरातली माती. मी परकर सावरत तुमच्या मागे विहिरीवर यायची, तुम्ही ओंजळ तोंडात धरायचात, थुंकायचात आणि म्हणायचात, "पानी खारं शे. अठे पपई व्हवाव नही." मी नाक मुरडलं की रागावायचात, "जे झाडले देवानं, ते आगुदर आपली जिभले!" झाडाला द्यायचं ते आधी आपण चाखायचं, हे भाऊने बरोबर उचललं, फक्त उलटं केलं. झाडाचं स्वतःला द्यायला निघाला.

"आपली पडवीमा कॅन भरेल शे, मंग गोळ्या कसाले?" असं त्याने मलाच विचारलं. सकाळच्या गोळ्या तशाच ताटलीत पडलेल्या. ताक वहिनीने ओतून दिलं असतं, पण गोळ्या रोज कोण भरवणार? मी आधी कॉलेजातलं मराठी काढलं. म्हटलं, अमिनो अ‍ॅसिडं पुष्कळ प्रकारची असतात. त्यातल्या काहींपासून शरीर नायट्रिक ऑक्साईड तयार करतं, त्याने नसेची भिंत सैल पडते, रक्त नीट वाहतं. 'नायट्रिक' ऐकून भाऊला खतातला नायट्रोजन आठवला, म्हणाला, "मंग ते युरियाना भाऊच व्हयना!" वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काय रे, अमिनो मारं म्हनीसन तू केळीनं ठिबक बंद करस का?" तो म्हणाला, "ठिबक बंद करी तर बाग उभी जळी जाई." "मंग गोळ्या तुन्हं ठिबक शे!" त्याने ताटली पुढे ओढली. मग वहिनीला म्हणाला, "पानी आन वं." त्या दिवसापासून त्याने गोळी चुकवलेली नाही.

तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलंच. ते म्हणाले, काही अमिनो अ‍ॅसिडांनी धमन्या निरोगी राहायला मदत होऊ शकते, त्यावर संशोधन चालू आहे. पण होऊ शकते म्हणजे होते असं नव्हे, आणि अटॅक येऊन गेलेल्याने मनाने काही घेऊ नये, उलट बाधू शकतं. डाळ, शेंगा, दूध खा, त्यातूनही मिळतात. म्हणून या शेंगा. खरं सांगू आबा, डॉक्टरांनी ठाम हो म्हणावं असं मला फार वाटत होतं. दुकानात असल्या पावडरीचे डबे येतात, गिऱ्हाईक विचारतं, मी डॉक्टरांकडे बोट दाखवते, आणि मनात मात्र एक डबा तुमच्यासाठी काढून ठेवते. झाकणभर कशाने तरी तुम्ही राहिला असतात तर?

प्रकाशा गावी तापीवर जाईन तेव्हा तुम्हाला लिहिलेला हा कागद पाण्यात सोडावा असं वाटतं. पण तुम्हीच ओरडला असतात, नदीमा कचरा कसाले टाकस म्हणून. तेव्हा राहू दे माझ्याकडेच. एक सांगायचं राहिलं, ते भाऊलाही माहीत नाही. त्या दिवशी त्याला एवढं फाडफाड बोलून झाल्यावर वहिनी म्हणाली, ताई, तो कॅन वर ठेवून दे. मी पडवीत गेले, इकडेतिकडे पाहिलं, झाकण उघडलं आणि करंगळी बुडवून जिभेला लावली. लगेच थुंकलं, चूळ भरली.

खारं शे, आबा.